मातेचे दूध : पंपाची निवड व जादा दुधाचे दान



दर अंकात या पानावर आपण बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या अंकात विषय वेगळा आहे. ऊस विकास खात्याच्या माणसाने बाळंतिणीच्या दुधावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण गट कार्यालयात येणारा सभासद नुसत्या उसाची नोंद घेऊन येत नाही, घरची काळजीही घेऊन येतो. "सूनबाईचं लेकरू कमी दिवसाचं झालं, पेटीत ठेवलं आहे. डॉक्टर म्हणतात, आईचं दूध काढून आणा. आता ते कशानं काढावं?" असे विचारणारे सभासद अलीकडे वरचेवर भेटतात. कोणी घाईघाईने शहरातून महागडा विजेचा पंप आणतो आणि तो फडताळात पडून राहतो. दुसऱ्या घरी बाळंतिणीच्या अंगावर दूध इतके दाटते की ती ते पिळून मोरीत टाकते. आणि त्याच दिवशी कुठल्या तरी दवाखान्यात किलो-सव्वा किलोच्या लेकराला आईचे दूध न मिळाल्याने डब्याच्या पावडरीवर राहावे लागते.

या तिन्ही गोष्टी एकमेकांशी जोडलेल्या आहेत, म्हणून एकत्र मांडतो. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविकेचा माणूस आहे. डॉक्टरांच्या आणि सरकारी मार्गदर्शनात जे आहे तेच आपल्या समजुतीच्या भाषेत सांगतो. औषधोपचाराचा प्रश्न आला की डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

आधी हिशेब पाहू

पूर्ण दिवसांचे बाळ ३७ आठवड्यांनंतर जन्मते. त्याआधी आले तर ते अपुऱ्या दिवसांचे. वजन अडीच किलोपेक्षा कमी भरले तर ते कमी वजनाचे. आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचा, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ पासून राज्यभर गाजत आला. त्यात कमी वजनाच्या जन्मांचा वाटा मोठा. पण अशी लेकरे काही फक्त डोंगरात जन्मत नाहीत. सपाटीच्या गावांत, पोटभर खाणाऱ्या बागायतदाराच्या घरीही जन्मतात.

अशा बाळाची आतडी कोवळी असतात. त्यांना डब्याची पावडर किंवा वरचे दूध सोसत नाही. आतड्याला सूज येऊन ते सडण्यापर्यंत मजल जाणारा एक आजार या बाळांना होतो. पावडरीवरच्या बाळांत तो जास्त आणि मातेच्या दुधावरच्या बाळांत कमी दिसतो. म्हणून पहिली पसंती स्वतःच्या आईच्या दुधाला. ते नसेल तर दुसऱ्या मातेचे, तपासून प्रक्रिया केलेले दूध. पावडर त्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे.

आता मोजमाप पाहा. एक किलोचे बाळ पूर्ण दुधावर आले की त्याला दिवसाला साधारण १५० ते १८० मिलिलिटर दूध लागते. दर दोन तासांनी पाजले तर एका वेळेला १३ ते १५ मिलिलिटर, म्हणजे मोठा एक चमचा. पहिल्या दिवशी तर एका वेळेला लहान चमचाभरही पुष्कळ होते. म्हणजे एखादी माय मोरीत जी अर्धी वाटी टाकते, त्यात अशा लेकराचा जवळजवळ अर्धा दिवस निघतो. हा हिशेब डोक्यात ठेवला म्हणजे पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

अंगावरचे दूध म्हणजे झऱ्याची विहीर

आपल्याकडे समज आहे की दूध जपून ठेवले तर पुरते आणि काढले तर संपते. हे उलटे आहे. दुधाचा कारभार झऱ्याच्या विहिरीसारखा आहे. उपसा होत राहिला की झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की झरे बुजतात. बाळ जितके ओढते किंवा हाताने जितके काढले जाते, तितके दूध नव्याने उतरते. स्तन भरलेलेच राहिले तर दूध तयार होणे मंदावते.

म्हणून बाळ पेटीत असेल, त्याला अंगावर घेता येत नसेल, तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या तासात आणि नाहीच जमले तर सहा तासांच्या आत, दूध काढायला सुरुवात करावी. पुढे चोवीस तासांत कमीत कमी आठ वेळा काढावे. त्यात रात्रीची पाळी चुकवू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत थेंब-दोन थेंब निघतील. घाबरू नये. तो चीक आहे. गाय व्याली की तिच्या चिकाचे मोल आपण जाणतो, वासराला तो आधी पाजतो. मग घरच्या लेकराच्या वेळी मात्र 'पहिलं दूध खराब' म्हणून तो पिळून टाकण्याची रीत कुठे कुठे अजून आहे. ती सोडावी. तो पिवळसर चिकट थेंब म्हणजे बाळाची पहिली लस समजा.

हाताने दूध काढणे : बिनखर्ची पद्धत

पंपाकडे जाण्यापूर्वी हाताची रीत शिकावी. चीक घट्ट आणि थोडा असतो. तो पंपाच्या नळीतच चिकटून राहतो, म्हणून पहिल्या दिवसांत हातच चांगला.

१. हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. रुंद तोंडाची वाटी उकळून घ्यावी.

२. कोमट पाण्याचा कपडा थोडा वेळ स्तनावर ठेवावा, हलक्या हाताने चोळावे. बाळ जवळ असेल तर त्याच्याकडे पाहत बसावे. मन निवांत असले की पान्हा लवकर फुटतो.

३. बोंडशीपासून साधारण एक इंच मागे, काळ्या वर्तुळाच्या कडेला, वर अंगठा व खाली दोन बोटे ठेवावीत. आधी छातीकडे मागे दाबावे, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे दाबावीत, मग सोडावे. दाब, सोड, दाब, सोड.

४. बोटे कातडीवरून घसरू देऊ नयेत. बोंडशी ओढू किंवा पिळू नये. दुखले तर पद्धत चुकते आहे असे समजावे.

५. धार कमी झाली की बोटांची जागा फिरवावी, मग दुसऱ्या बाजूने काढावे. सगळे मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात.

गावची आशा ताई किंवा दवाखान्यातील सिस्टर हे एकदा दाखवतात. एकदा पाहिले की जमते.

पंप कोणाला लागतो?

बाळ अंगावर नीट पीत असेल, दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला करत असेल आणि वजन वाढत असेल, तर पंपाची गरज नाही. शेजारणीने घेतला म्हणून आपण घ्यावा, अशी ही वस्तू नव्हे. उगाच रोज पंप लावला तर झरे जास्त फुटतात, दूध गरजेपेक्षा वाढते आणि छाती दाटून गाठी येतात.

पंप उपयोगी पडतो तो पुढील वेळी : बाळ दवाखान्यात आणि आई घरी असेल, बाळ इतके अशक्त असेल की ओढू शकत नाही, जुळी असतील, टाळू किंवा ओठ फाटलेला असेल, आई शाळेत, दवाखान्यात, कचेरीत नोकरीला जात असेल. म्हणजे रोज, पुष्कळ वेळा आणि काही आठवडे दूध काढायचे असेल तर.

पंपाचे प्रकार

पंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाच अश्वशक्तीची मोटार उभी राहते. ती घेताना आपण काय पाहतो? विहिरीला पाणी किती, उपसा किती तास, वीज केव्हा येते. इथेही तोच विचार करायचा.

रबरी गोळ्याचा पंप : काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी आणि मागे दाबायचा रबरी गोळा. स्वस्त मिळतो, पण घेऊ नये. ओढ किती बसते यावर ताबा राहत नाही, बोंडशीला इजा होते. दूध गोळ्यात शिरते आणि तो आतून धुता येत नाही, त्यामुळे जंतू वाढतात.

हाताच्या दांडीचा पंप : दांडी दाबली की ओढ बसते, सोडली की सुटते. वीज लागत नाही, सुटे भाग धुता येतात, किंमत शेकड्यांत असते. दिवसातून एक-दोन वेळा काढायचे असेल, खेड्यात राहायचे असेल, तर हा पुरेसा. पुष्कळ वेळा वापरला तर मनगट दुखते.

विजेचा एकेरी पंप : मोटार ओढ लावते. रोज तीन-चार वेळा काढणाऱ्या नोकरदार मातेला बरा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून बॅटरीवर चालणारा पाहावा.

विजेचा दुहेरी पंप : दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी निघते, वेळ निम्मा लागतो. किंमत हजारांत. जुळ्यांच्या किंवा पेटीतल्या बाळाच्या आईला उपयोगी, इतरांना जरूर नाही.

दवाखान्याचा मोठा पंप : हा एकाच यंत्रावर अनेक मातांना वापरता येतो, कारण त्यात दूध मोटारीपर्यंत जात नाही आणि प्रत्येकीची वाटी-नळी वेगळी असते. बाळ दवाखान्यात असेल तर आधी तिथेच विचारावे. विकत घेण्याची वेळच येणार नाही.

एक माहितीची गोष्ट. जुने पंप गाईच्या दूधकाढणी यंत्राच्या कल्पनेवर बनत आणि बाईला ते सोसत नसत. स्वीडनचे अभियंता आइनर एग्नेल यांनी १९५६ च्या सुमारास ओढ किती असावी आणि मध्ये सोडावी कशी याचा अभ्यास करून सुरक्षित पंप बसवला. आजचे चांगले पंप त्याच 'ओढ आणि सोड' तत्त्वावर चालतात. नुसती ओढ जास्त म्हणजे दूध जास्त, असे नाही.

पंप घेताना काय पाहावे?

१. वाटीचे माप. बोंडशी ज्या नळीत जाते तिचे माप मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते, जसे २१, २४, २७. बोंडशी नळीत मोकळी पुढे-मागे सरकली पाहिजे. घासली तर माप लहान. काळे वर्तुळ पुष्कळ आत ओढले गेले तर माप मोठे. पंप लावल्यावर दुखत असेल, बोंडशी पांढरी किंवा निळी पडत असेल, तर सहन करत बसू नये, माप बदलावे. पंप बिघडला म्हणून जी तक्रार येते ती पुष्कळदा मापाची असते.

२. ओढ कमी-जास्त करता यावी. सुरुवात नेहमी कमीवर.

३. दूध नळीतून मोटारीकडे जाऊ नये म्हणून मध्ये पडदा असावा.

४. दुधाला लागणारा प्रत्येक भाग सुटा होऊन धुता आणि उकळता यावा.

५. झडप व वॉशर अमरावती-अकोल्याच्या दुकानात सुटे मिळतात का, हे आधी विचारावे. स्प्रेअर पंप घेताना आपण हेच विचारतो.

६. नणंदेचा, भावजयीचा वापरलेला घरगुती पंप घेऊ नये. बाहेरून धुतला तरी मोटारीच्या बाजूला गेलेले दूध निघत नाही.

स्वच्छता व साठवण

कापलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला तर उतारा चांगला, उशीर झाला की साखर घटते. दुधाचेही घड्याळ असेच चालते, फक्त ते जास्त कडक आहे.

दरवेळी पंपाचे भाग वेगळ्या भांड्यात साबणाच्या पाण्याने धुवावेत, दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटे उकळावेत आणि झाकून वाळवावेत. ओले भाग डब्यात कोंडू नयेत.

काढलेले दूध २५ अंशांच्या आसपासच्या खोलीत चार तास टिकते. आपल्या वऱ्हाडात चैत्र-वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा चार तासांचा हिशेब धरू नये. लगेच पाजावे नाही तर थंड जागी ठेवावे. फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, निरोगी बाळासाठी चार दिवसांपर्यंत चालते असे सांगतात. पण वीज जाते-येते अशा गावात ते चोवीस तासांत संपवावे हे उत्तम. बाळ दवाखान्यात असेल तर त्यांचा नियम पाळावा. दवाखान्यात न्यायचे झाल्यास उकळलेल्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मासच्या डब्यात न्यावे. भांड्यावर आईचे नाव, तारीख व वेळ लिहावी.

दूध चुलीवर किंवा गॅसवर तापवू नये. कोमट पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे. वर साय आली तर ते खराब नव्हे, हलवून एकजीव करावे. पाजायला बाटली नको. आपली वाटी-चमचा किंवा आजीच्या वेळचे बोंडले उत्तम, कारण ते पूर्ण घासता येते. उष्टे उरलेले पुन्हा ठेवू नये. बाटली आणि पावडरीची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नव्हे.

जादा दूध असेल तर : दुग्धपेढी

रक्तपेढी आपल्याला माहीत आहे. तशीच मातेच्या दुधाची पेढी असते. जगातील पहिली पेढी १९०९ साली व्हिएन्नात निघाली. आशियातील पहिली पेढी आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झाली. तेथील नवजात शिशूंच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी ती उभी केली. गोरगरिबांच्या, कमी दिवसांच्या लेकरांना पावडरीऐवजी मातेचे दूध मिळावे, हा सरळ हेतू. बाळंतिणींना समजावून, ज्यांना दूध जादा आहे त्यांच्याकडून घेऊन ते पेटीतल्या बाळांना देण्यात येऊ लागले. पुढे पुण्यासह इतर शहरांतही पेढ्या निघाल्या. ब्राझील देशात तर दोनशेहून अधिक पेढ्यांचे जाळे आहे आणि काही ठिकाणी अग्निशमन दलाचे जवान घरोघर जाऊन दूध गोळा करतात.

पेढीत काय करतात, हे आपल्याला बेण्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. गवताळ वाढीसारखा रोग बेण्यातून येऊ नये म्हणून आपण मूलभूत बेणे ५० अंशांच्या पाण्यात दोन तास ठेवतो. रोग मरतो, पण डोळा जिवंत राहतो. पाणी जास्त तापले तर डोळा मेला, कमी तापले तर रोग राहिला. पेढीत दूध बरोबर ६२.५ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात आणि झटकन थंड करतात. जंतू मरतात, पण दुधातील बरेचसे संरक्षक गुण शिल्लक राहतात. काही कमी होतात, म्हणूनच स्वतःच्या आईचे दूध पहिले आणि पेढीचे दुसरे. मग नमुना तपासतात, उणे २० अंशांवर गोठवतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देतात.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात दोन तऱ्हेची केंद्रे सांगितली आहेत. मोठ्या केंद्रात दुसऱ्या मातांचे दूध घेऊन, प्रक्रिया करून ठेवतात. लहान केंद्रात आईचे दूध काढून तिच्याच बाळाला देण्याची सोय असते. आपल्या भागातील भगिनींनी अमरावतीचे डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग किंवा जिथे बाळंतपण झाले त्या दवाखान्याच्या नवजात शिशू कक्षात सरळ विचारावे : "येथे दूध काढायची सोय आहे का? जादा दूध घेता का?" घरून आपल्या मनाने भांडे भरून नेऊ नये. ते म्हणतील त्या पद्धतीनेच द्यावे.

कोण देऊ शकते? स्वतःचे बाळ पोटभर पिऊन वाढत आहे, प्रकृती निरोगी आहे आणि गरोदरपणातील एचआयव्ही, कावीळ-बी व गुप्तरोगाच्या तपासण्या निर्दोष आहेत, अशी माता. तंबाखू, खर्रा, मिश्री, दारू यांची सवय असेल तर दूध घेत नाहीत. औषधे चालू असतील किंवा अलीकडे रक्त चढवले असेल तर आधी सांगावे. देणे स्वखुशीने, लेखी संमतीने आणि विनामोबदला असते. मातेच्या दुधाचा धंदा करण्यास मनाई असल्याचे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये पुन्हा बजावले आहे. कोणी पैसे देऊन दूध मागत असेल किंवा डब्यात विकत असेल तर त्यापासून लांब राहावे.

शंका-समाधान

शंका : "दुसऱ्याच्या लेकराले दूध देलं तं आपल्या लेकराले कमी पडन न?"
उत्तर : आपल्या बाळाचे पोट भरल्यावर उरलेलेच घेतात. आणि वर सांगितल्याप्रमाणे उपसा झाला तर झरा आटत नाही. मात्र मातेने रोजच्यापेक्षा थोडे जास्त जेवावे आणि तहान लागेल तेव्हा पाणी प्यावे. सासूबाईंनी एवढी काळजी घेतली तर पुरे.

शंका : "येवढंसं दूध देऊन काय होते?"
उत्तर : सुरुवातीचा हिशेब पाहावा. एक मोठा चमचा म्हणजे एका बाळाची एक पाळी.

शंका : "शेजारणीच्या लेकराले सरळ अंगावर पाजलं तं?"
उत्तर : पूर्वी काकू-मावशीने पाजल्याची उदाहरणे घरोघर आहेत. पण न तपासलेल्या दुधातून एचआयव्हीसारखे रोग जाऊ शकतात, हे आज आपल्याला कळले आहे. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

शंका : "कोण्या जातीच्या बाईचं दूध असन, काय मालूम?"
उत्तर : रक्ताची बाटली चढवताना आपण हे विचारत नाही. पेढीत अनेक मातांचे दूध एकत्र होते. त्यावर जात लिहिलेली नसते, तपासणीचा निकाल लिहिलेला असतो. पाहायचा तो तेवढाच.

शंका : "आमच्यात दूधभावंडांचं नातं मानतात. मंग कसं करावं?"
उत्तर : मुस्लीम सभासद कुटुंबांत हा प्रश्न रास्त आहे. एका बाईच्या दुधावर वाढलेल्या मुलामुलींचा पुढे विवाह होत नाही. दूध पाजणाऱ्या दाई हलीमांचे नाव त्यांच्या घरांत आदराने घेतले जाते, म्हणजे दुसऱ्या मातेचे दूध तेथे परके नाही. प्रश्न ओळखीचा आहे. अशा वेळी डॉक्टरांना आधीच सांगावे आणि आपल्या जाणत्या मौलवींचा सल्ला घ्यावा.

शंका : "छाती लालबुंद झाली, ताप आला. पंप लावू का?"
उत्तर : दूध काढणे किंवा बाळाला पाजणे थांबवू नये, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. घरी लेप लावत बसले तर गळू होऊन चिरा द्यावा लागतो.

आपल्या फडातील माता

आता जी गोष्ट थेट आपल्या हातात आहे ती सांगतो. हंगामात आपल्या फडावर तोडणीची टोळी येते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्याच्या अर्ध्या भागाला कधी कधी दोन-तीन महिन्यांचे लेकरू असते. ते खोपीत मोठ्या बहिणीच्या मांडीवर किंवा बांधावर झोळीत असते. पहाटे पाजले की आई थेट दुपारी परतते. तिची छाती दाटते, ती उसाच्या आडोशाला दूध पिळून मातीत टाकते आणि तिकडे लेकरू साखरपाण्यावर राहते. पहिले सहा महिने बाळाला मातेच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर सांगतात. इथे तेच मातीत जाते. ज्यांच्या हाताने आपला ऊस कारखान्यात पोचतो त्यांचे लेकरू आपल्याच बांधावर उपाशी राहावे, हे आपल्याला शोभत नाही.

तिला पंपाची गरज नाही. खोपीत वीजही नाही, उकळायची सोयही नाही. तिला हवी ती दर दोन-तीन तासांनी पाव तासाची सवड, सावली आणि हात धुवायला स्वच्छ पाणी. फडमालकाने मुकादमाला एवढे सांगावे की ही बाई लेकराला घ्यायला बसली तर तिचे खाडे धरू नको. एका दिवसात मोळ्या चार कमी पडतील. त्याने गाडी अडणार नाही. टोळी आली की गावच्या आशा ताईंना किंवा अंगणवाडी ताईंना निरोप द्यावा, म्हणजे बाळाचे वजन व लस होईल.

नोकरदार भगिनींसाठी कायदा आहे. त्याप्रमाणे बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळते. एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले आहेत. लेकरासाठी रायगडचा कडा उतरलेल्या आईचे नाव त्यांना दिले आहे. फडातील मातेसाठी अशी खोली नाही. तिथे आपला बांध आणि आपली माणुसकीच तिच्या उपयोगाची.

सारांश

१. चीक टाकू नका.
२. बाळ ओढत नसेल तर पहिल्या सहा तासांच्या आत हाताने दूध काढायला लागा, दिवसरात्र मिळून आठ वेळा.
३. पंप गरज असेल तरच घ्या. रबरी गोळ्याचा नको, दुसऱ्याचा वापरलेला नको, वाटीचे माप बघून घ्या.
४. वाटी-चमचा किंवा बोंडले वापरा, बाटली नको.
५. जादा दूध मोरीत टाकू नका, विकू नका, कच्चे वाटू नका. दवाखान्यात विचारून दुग्धपेढीला द्या.
६. फडातील लेकुरवाळीला वेळ, सावली आणि पाणी द्या.

उसाचे एक कांडे वाया गेले तरी आपण हळहळतो. चमचाभर दुधाचे मोल त्याहून किती मोठे आहे, ते सभासद भगिनी जाणतातच. घरातील बंधूंनीही हे पान त्यांना वाचून दाखवावे आणि स्वतःही ध्यानात ठेवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी